पावलाचा सर्जन

माणसाच्या एका पावलात २६ हाडे, ३३ सांधे आणि शंभराहून अधिक अस्थिबंध असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडे होतात, म्हणजे शरीरातील २०६ हाडांचा चौथा हिस्सा घोट्याखाली असतो. चालताना शरीराचा भार आधी टाचेवर, मग तळव्याच्या बाहेरच्या कडेवर आणि शेवटी चवड्यावर व अंगठ्यावर येतो. टाच टेकते तेव्हा पाऊल सैल होऊन खालच्या जमिनीशी जुळवून घेते. टाच उचलली जाते तेव्हा तेच पाऊल ताठ होऊन शरीराला पुढे ढकलते. या अवयवाच्या इजा, व्यंगे आणि आजार यांवर उपचार करणारी अस्थिशल्यचिकित्सेची शाखा म्हणजे पाऊल आणि घोटा शल्यचिकित्सा.

या शाखेतील सर्जनच्या कामाचे मोजमाप ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही. एक्स-रेमध्ये सुबक जुळलेले हाड रुग्णाला शेतात, जिन्यावर किंवा एसटीच्या पायरीवर उपयोगी पडले नाही, तर उपचार अपुरे राहिले असेच म्हणावे लागते. उलट एखादे पाऊल एक्स-रेमध्ये वाकडे दिसते, पण दिवसभर न दुखता माणसाला उभे राहू देते. अशा पावलाला हात लावायचा नसतो. हे तारतम्य अंगी बाणायला या सर्जनच्या कारकिर्दीतील बरीच वर्षे जातात.

शाखेची घडण

पावलावरील शस्त्रक्रिया जुन्या आहेत. पावलाच्या मध्यभागातील सांध्यांच्या रांगेला आजही झाक लिसफ्रांक या फ्रेंच सर्जनचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या सांध्यांमधून पाऊल झटपट कापून वेगळे करण्याची पद्धत त्यांनी सांगितली होती. एडिंबराच्या जेम्स साइम यांनी १८४०च्या दशकात घोट्यातून पाऊल काढूनही टाचेची कातडी राखण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, त्यामुळे रुग्णाला उरलेल्या पायावर भार देता येऊ लागला. पूर्वी पाऊल काढणे हाच उपचार होता. ते वाचवणे आणि सुधारणे ही पुढच्या काळाची कमाई. स्वतंत्र उपशाखा म्हणून या कामाला ओळख मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील पाऊल-अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना १९६९ साली स्थापन झाली.

भारतातील कामाचा या ज्ञानात मोठा वाटा आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या १८५८च्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आले. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी शेतकऱ्याच्या तळव्यात काटा रुततो, काही महिन्यांनी पाऊल सुजते, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून दाणेदार पू येतो. ‘मदुरा फूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आजारामागे बुरशी असल्याचे कार्टर यांनी मुंबईत अभ्यासून मांडले आणि त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केले. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस रबराचे ‘जयपूर फूट’ घडवले. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखलातही काम करता येते. या कामासाठी सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या साऱ्यांनी आपल्याकडची माणसे कशी बसतात, कशावर चालतात आणि पायात काय घालतात, हे उपचाराच्या विचारात आणले. भारतात पावलाचे काम करणाऱ्या प्रत्येक सर्जनला याच प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते.

प्रशिक्षणाची वाट

इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमएस किंवा डीएनबी ही अस्थिशल्यचिकित्सकाची ठरलेली वाट आहे. या काळात पावलाचे शिक्षण तुकड्यातुकड्यांत मिळते. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला रात्रपाळीत अपघाताचे रुग्ण पाहावे लागतात, मोडलेले घोटे बसवावे लागतात, प्लास्टर घालावे लागते, चिघळलेल्या जखमा धुवाव्या लागतात. मांडीचे हाड, खुबा आणि गुडघा यांच्या शस्त्रक्रिया आधी होतात. पावलाची शस्त्रक्रिया अनेकदा यादीच्या शेवटी येते आणि ती कनिष्ठाकडे सोपवली जाते. सांधेरोपण, मणका आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया या शाखांना प्रतिष्ठा आणि मिळकत जास्त असल्याने तरुणांचा ओढा तिकडे असतो.

पावलाकडे वळणारा डॉक्टर बहुधा याच रात्रपाळ्यांमधून वळतो. घोट्याच्या अस्थिभंगात प्लेट अगदी नेटकी बसली, तरी सहा महिन्यांनी रुग्ण लंगडतच येतो, हे त्याने पाहिलेले असते आणि त्याचे कारण त्याला समजून घ्यायचे असते. त्यानंतर काही महिने ते वर्षभर फेलोशिप केली जाते, भारतातल्या मोजक्या केंद्रांत किंवा ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा ठिकाणी. तिथे अंगठ्याची वक्रता, म्हातारपणी खचणारे सपाट पाऊल आणि घोट्याचे सांधेरोपण यांचा अनुभव मिळतो. मायदेशी परतल्यावर समोर येतात ती मचाणावरून पडलेल्या बांधकाम मजुरांची टाच, दुचाकीच्या चाकात अडकलेले लहान मुलाचे पाऊल, मधुमेहाने बधिर झालेला तळवा आणि उपचाराविना चालू लागलेले वाकड्या पावलांचे मूल. परदेशात शिकलेले तंत्र उपयोगी पडते, मात्र कोणाला काय करायचे याचा क्रम नव्याने लावावा लागतो.

तपासणीची पद्धत

पावलाच्या ओपीडीत तपासणी रुग्ण आत येतानाच सुरू होते. चप्पल कुठल्या बाजूने झिजली आहे, टाच आधी टेकते की चवडा, पाऊल टाकताना चेहऱ्यावर कळ उमटते का, हे पाहिले जाते. मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून रुग्णाला पाठमोरे उभे केले जाते. टाचा बाहेर कललेल्या असतील आणि एका पायाची बोटे मागून जास्त संख्येने दिसत असतील, तर पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने येणारा टिबियालिस पोस्टिरियर हा स्नायुबंध कमजोर झाला आहे असा संशय येतो. त्या एकाच पायावर टाच उचलायला सांगितले आणि ती उचलता आली नाही, तर संशय बळावतो. बोटांनी पावलावरच्या दोन नाड्या शोधल्या जातात. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने तळव्याची संवेदना तपासली जाते. एक्स-रे शक्यतो रुग्ण उभा असताना काढतात, कारण आडव्या पावलात सांध्यांमधील फट आणि कमानीची घसरण लपून राहते.

या ओपीडीतील सर्वांत नेहमीची तक्रार टाचदुखीची. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली पावले असह्य होतात, थोडे चालल्यावर बरे वाटते आणि संध्याकाळी पुन्हा दुखते. एक्स-रेमध्ये टाचेखाली अणकुचीदार हाड दिसते आणि रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, हाड वाढलंय, ते काढून टाका.” तसे वाढलेले हाड टाच न दुखणाऱ्या अनेक लोकांतही आढळते. खरे दुखणे तळव्याच्या जाड पडद्याच्या टाचेकडील टोकाला असते. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम नियमित करणे, घरातही मऊ चप्पल वापरणे, वजन आणि उभे राहण्याचे तास कमी करणे एवढ्याने दहापैकी आठ-नऊ रुग्ण वर्षभरात बरे होतात. हे पटवून द्यायला वेळ लागतो आणि या वेळेचे बिल होत नाही. पावलाच्या सर्जनच्या दिवसातला मोठा भाग अशा समजावण्यात जातो. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची नाही त्यांची संख्या नेहमीच जास्त असते, आणि त्यांनाही पूर्ण उपचार मिळालेले असतात.

मुरगळलेल्या घोट्याचेही तसेच आहे. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल किंवा रुग्णाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा, असे कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेले नियम सांगतात. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच दोन दुखरे बिंदू त्यांत दिले आहेत. यामुळे विनाकारण काढले जाणारे एक्स-रे कमी झाले. मात्र “नुसता मुरगळला आहे” म्हणून घरी पाठवलेल्या काही रुग्णांत लिसफ्रांकच्या सांध्यांची इजा दडलेली असते. तळव्याच्या मध्यभागी जांभळा डाग दिसला, तर सावध सर्जन उभ्याने एक्स-रे काढल्याशिवाय रुग्णाला सोडत नाही.

इजा आणि थांबण्याचे शास्त्र

घोट्याचा सांधा अचूकपणाची मागणी करतो. टॅलस हे घोट्याचे हाड केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकले, तरी त्याचा वरच्या हाडाशी होणारा स्पर्श ४२ टक्क्यांनी घटतो, असे रॅमसी आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली दाखवले. म्हणूनच घोट्याच्या अस्थिभंगात जरासे सरकणेही दुर्लक्षून चालत नाही. टॅलसची आणखी एक अडचण आहे. या हाडावर एकही स्नायू चिकटत नाही आणि त्याचा बहुतांश पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी उरते. त्याची मान मोडली तर हाड मृत होण्याचा धोका असतो. इजेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेमध्ये सांध्याच्या पृष्ठभागाखाली काळसर रेघ दिसली, तर रक्तपुरवठा टिकून असल्याचा दिलासा मिळतो. ही खूण हॉकिन्स यांनी १९७० साली वर्णन केली.

पावलाच्या इजांमध्ये हाडापेक्षा कातडी जास्त सांभाळावी लागते. घोट्याभोवती स्नायूंचे आवरण नसते. कातडीखाली थेट हाड असते. उंचावरून पडून नडगीचे खालचे टोक चुरडले किंवा टाच फुटली, की काही तासांत पाय टणक सुजतो आणि कातडीवर पाण्याचे फोड येतात. अशा कातडीवर छेद घेतला तर जखम उघडते, जंतुसंसर्ग होतो आणि काही वेळा पाय गमवावा लागतो. म्हणून आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाडे ओढून धरली जातात, पाय उंचावर ठेवला जातो, सीटी स्कॅन काढला जातो आणि कातडीवर सुरकुत्या पडेपर्यंत वाट पाहिली जाते. त्याला आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नातेवाईक रोज विचारतात, “साहेब, ऑपरेशन कधी?” कुटुंबाचा रोजगार बुडत असतो, गावाकडून आलेली माणसे वॉर्डबाहेर झोपत असतात. अशा वेळी न करण्याचा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागतो आणि रोज नव्याने समजावून सांगावा लागतो. या विद्येत थांबणे हेही एक कौशल्य आहे, आणि ते सर्वांत उशिरा आत्मसात होते.

टाच फुटलेल्या रुग्णाची पाठही तपासली जाते, कारण उंचावरून टाचांवर आपटलेल्या दहापैकी सुमारे एका रुग्णात कमरेचा मणकाही दबलेला असतो. टाचेचे ऑपरेशन करावे का, हा प्रश्न आजही प्रत्येक रुग्णापुरता सोडवावा लागतो. तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्याची, मधुमेह्याची किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्याची जखम भरण्याची खात्री कमी असते. अशांना ऑपरेशनविना उपचार पुष्कळदा अधिक मानवतात. लहान छेदांच्या नव्या पद्धतींनी जखमेचे त्रास कमी झाले आहेत. तरीही मचाणावर चढणाऱ्या कामगाराची टाच पूर्वीसारखी होईल, असे वचन प्रामाणिक सर्जन देत नाही.

लहान मुलांच्या इजांत दुचाकीच्या चाकात अडकलेली टाच नेहमीची. टाचेची गादी चरबीच्या बारीक कप्प्यांनी बनलेली असते आणि ती फाटून गेली तर शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागातून तशी गादी आणता येत नाही. मागच्या सीटवर मुलाच्या पायांशी जाळी बसवली तर ही इजा टळते. पावलाचे सर्जन हे शाळांत आणि ओपीडीत पुन्हा पुन्हा सांगत राहतात.

पोटरीचा जाड स्नायुबंध, म्हणजे अकिलिस, तुटण्याची इजा तिशी ते पन्नाशीतील आणि सुट्टीच्या दिवशी बॅडमिंटन वा क्रिकेट खेळणाऱ्यांत जास्त आढळते. रुग्णाला वाटते, मागून कोणीतरी लाथ मारली. ५५४ रुग्णांच्या नॉर्वेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात वर्षभरानंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले रुग्ण कामकाजाच्या बाबतीत सारखेच निघाले. फरक पडला तो पुन्हा तुटण्यात. ऑपरेशन न केलेल्या गटात हे प्रमाण ६.२ टक्के होते आणि ऑपरेशन केलेल्यांत ०.६ टक्के. असे आकडे रुग्णासमोर ठेवून, त्याचे वय, काम आणि खेळ पाहून निर्णय घेतला जातो.

जन्मतः वाकडी पावले

दर हजार जन्मांमागे साधारण एका बाळाची पावले आत वळलेली असतात. हे प्रमाण मुलग्यांत मुलींच्या दुपटीच्या आसपास असते आणि जवळपास निम्म्या बाळांची दोन्ही पावले वाकडी असतात. या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे घरात बोलले जाते. उपचारांइतकेच त्या आईच्या मनावरचे ओझे उतरवणे हेही पहिल्या भेटीतले काम असते.

क्लबफूटची आजची उपचारपद्धती इग्नासियो पोन्सेटी यांची आहे. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेले पोन्सेटी यादवी युद्धानंतर देश सोडून मेक्सिकोत आणि तिथून १९४१ साली अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात आले. मोठ्या शस्त्रक्रियांनी सरळ केलेली पावले पुढे ताठ आणि दुखरी होतात, हे त्यांना दिसले. त्यांनी दर आठवड्याला हाताने हळूवार वळण देऊन मांडीपर्यंत प्लास्टर घालण्याची पद्धत शोधली. आधी उंच उचललेली कमान खाली येते, मग पाऊल टॅलसभोवती बाहेर वळवले जाते आणि टाचेचा ताठपणा शेवटी सोडवला जातो. पाच ते सात प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांत अकिलिसचा स्नायुबंध सुईएवढ्या छेदातून कापला जातो. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये तो पुन्हा जुळून येतो. त्यानंतर आडव्या पट्टीला जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि मग चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. ही पद्धत पोन्सेटी यांनी १९६०च्या दशकातच मांडली होती. रुग्णांचा तीस वर्षांचा आढावा १९९५ साली प्रसिद्ध झाल्यावर आणि पालकांनी एकमेकांना सांगितल्यावर ती जगभर पसरली. २००९ साली निधन होईपर्यंत पोन्सेटी ही पद्धत शिकवत राहिले.

भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत क्लबफूटचा समावेश आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई अशी बाळे शोधून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. प्लास्टरचा भाग बहुतेक कुटुंबे निभावतात. कसोटी लागते ती बुटांच्या वर्षांत. बाळ रडते, आजी म्हणते, “पाय सरळ झालेत की आता, कशाला छळता लेकराला?” आणि बूट कोपऱ्यात पडतात. पाऊल पुन्हा वळण्याचे मुख्य कारण हेच असते. म्हणून अनुभवी सर्जन पहिल्याच दिवशी आई-वडिलांबरोबर आजी-आजोबांनाही बोलावून घेतात आणि पुढची चार वर्षे समजावून सांगतात. सुधारलेल्या पावलांचे मूल शाळेत पळते, मांडी घालून बसते, सैन्यभरतीचीही स्वप्ने पाहते. पावलाच्या सर्जनला याहून मोठे समाधान क्वचित मिळते.

बधिर पाऊल

पॉल ब्रँड यांचा जन्मही १९१४चाच, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. कुष्ठरोगात बोटे सडून गळतात असा समज होता. वेल्लोरमध्ये ब्रँड यांनी दाखवले की पाऊल जाते ते वेदना नसल्यामुळे. खडा टोचला, चप्पल घासली, निखारा लागला तरी कळत नाही, माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो आणि जखम खोल जाते. यावर तीन उपाय आले: भार वाटून देणारे प्लास्टर, मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला, आणि पाऊल लुळे पडले असेल तर पोटरीतला चालू स्नायुबंध पुढे वळवून पाऊल उचलण्याची शस्त्रक्रिया. कुष्ठरुग्णांना त्या एमसीआर चपला आजही दिल्या जातात. ब्रँड पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग केंद्रात गेले आणि हेच ज्ञान त्यांनी मधुमेही पावलासाठी वापरले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे आजच्या पावलाच्या सर्जनकडे येणाऱ्या अनेकांचे दुखणे न दुखणारे असते. मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, एक दिवस मोजा रक्ताने ओला दिसतो. अशी जखम भरायला तीन गोष्टी लागतात: रक्तपुरवठा, जंतुसंसर्गावर ताबा आणि भार काढून घेणे. रक्तपुरवठा कमी असेल तर रक्तवाहिन्यांचे सर्जन बोलवावे लागतात, साखर आवरायला फिजिशियन लागतात. या दोन बाजू सांभाळल्या की पायाला सर्व बाजूंनी चिकटून बसणाऱ्या प्लास्टरमध्ये तळव्यावरच्या बऱ्याच जखमा सहा ते आठ आठवड्यांत भरतात.

शारको पाऊल या अवस्थेत जखम नसतानाही पाऊल लाल, गरम आणि सुजलेले होते, हाडे विरघळल्यासारखी होऊन कमान खाली कोसळते. जंतुसंसर्ग किंवा युरिक ॲसिडचा त्रास समजून चुकीचे उपचार सुरू राहतात. दोन पावलांच्या तापमानातला दोन अंश सेल्सियसहून जास्त फरक ही इथली मोलाची खूण आहे. उपचार म्हणजे फरक मिटेपर्यंत प्लास्टर, आणि त्यासाठी महिने लागतात.

आषाढी वारीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्यांत मधुमेहीही असतात. त्यांना “जाऊ नका” असे सांगितले तर ते ऐकणार नाहीत आणि पुन्हा ओपीडीतही येणार नाहीत. म्हणून नवे बूट वारीत पहिल्यांदा घालू नका, रोज रात्री आरशात तळवे पाहा, फोड सुईने फोडू नका, गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासा, अशी माहिती आधीच दिली जाते. श्रद्धेचा मान राखून दिलेला सल्ला पाळला जातो, हे इथे दरवर्षी दिसून येते.

कधी पाऊल किंवा त्याचा भाग काढावाच लागतो. कुठपर्यंत काढायचा हा निर्णय मग वाचवण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. उरलेल्या पायावर कृत्रिम पाऊल नीट बसेल, कातडी टिकेल आणि माणूस पुन्हा उभा राहील अशी पातळी निवडावी लागते. त्यामुळे पाऊल काढण्यातही पुढच्या चालण्याचाच विचार असतो.

वाकडे अंगठे आणि झिजलेले घोटे

पादत्राणांचा पावलावर होणारा परिणाम आशियातल्या दोन पाहण्यांनी स्पष्ट केला. हाँगकाँगमधील १९५८च्या अभ्यासात बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा बाहेर वळलेला आढळला. अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण १.९ टक्के होते. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी १९९२ साली २३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्क्यांना, तर अनवाणी मुलांत २.८ टक्क्यांना आढळले. म्हणूनच सपाट पावलाच्या चिंतेने आणलेल्या बहुतेक लहान मुलांना खास बूट लागत नाहीत. टाच उचलल्यावर कमान दिसत असेल आणि पाऊल दुखत नसेल, तर पालकांना निर्धास्त घरी पाठवले जाते. वाकड्या अंगठ्यासाठी शंभराहून अधिक शस्त्रक्रिया सुचवल्या गेल्या आहेत. कोणतीही एक सर्वांना लागू पडत नाही, हे त्या संख्येवरूनच लक्षात येते. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून ऑपरेशन मागणाऱ्याला जबाबदार सर्जन थांबवतो. दुखणे, कुरूप आणि चप्पल घालता न येणे ही खरी कारणे.

घोटा गुडघ्याप्रमाणे केवळ वयाने सहसा झिजत नाही. बहुतेक वेळा जुन्या अस्थिभंगानंतर तो झिजतो, म्हणून रुग्ण तुलनेने तरुण असतात. सांधा जोडून टाकणे किंवा कृत्रिम सांधा बसवणे असे दोन पर्याय असतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्ही गटांना चांगला आराम मिळाला आणि त्यांत फारसा फरक आढळला नाही. महाराष्ट्रातल्या शेतमजुराला ओझे घेऊन चढउतार करायची असते, तेव्हा पक्का जोडलेला घोटा बहुधा जास्त वर्षे साथ देतो. उकिडवे बसणे मात्र कायमचे अवघड होते, शौचालयाची सोय बदलावी लागते. हे आधी सांगितले नाही तर उत्तम ऑपरेशननंतरही रुग्ण नाराज राहतो.

सोबतची माणसे आणि कारकिर्दीची प्रगती

पावलाचा सर्जन एकट्याने फार थोडे करू शकतो. प्लास्टर रूममधला जुना तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, जखमा बांधणारी परिचारिका, कॅलिपर आणि कृत्रिम पाऊल बनवणारा, आणि बधिर पावलासाठी योग्य मापाची चप्पल शिवणारा कारागीर ही सगळी माणसे उपचाराचा भाग असतात. कोणती चप्पल कुठे दाबते हे कारागिराला सर्जनइतकेच कळते. ज्या सर्जनने अशा कारागिराला आपल्या ओपीडीत जागा दिली, त्याच्या रुग्णांच्या जखमा पुन्हा होण्याचे प्रमाण घटते.

आर्थिक बाजूने ही शाखा सांधेरोपणाच्या मागे राहते. भेटी अनेक, प्रत्येक भेट लांब, आणि उत्पन्नाचा मोठा भाग अपघाताच्या शस्त्रक्रियांतून. लहान शहरात फक्त पावलाचे काम करून दवाखाना चालवणे कठीण असते, त्यामुळे बहुतेक सर्जन इतर अस्थिशस्त्रक्रियाही करतात. मधुमेहाच्या प्रसारामुळे आणि खेळणाऱ्यांच्या वाढत्या संख्येमुळे मोठ्या शहरांत स्वतंत्र विभाग उभे राहू लागले आहेत.

वयाबरोबर या सर्जनची शस्त्रक्रियांची निवड बदलत जाते. पहिल्या दशकात तंत्रावर भर असतो: छेद, स्क्रू, प्लेट, कोन. दुसऱ्या दशकात स्वतःच्याच जुन्या रुग्णांची पावले समोर येऊ लागतात आणि कोणत्या शस्त्रक्रियेने दहा वर्षांनी काय दिले हे कळते. म्हणून नोंदी ठेवणे, दरवर्षी रुग्णांना बोलावणे आणि फोटो जपणे ही सवय या शाखेत शस्त्रक्रियेइतकी मोलाची आहे. पोन्सेटी यांच्या पद्धतीचा स्वीकार ज्या तीस वर्षांच्या आढाव्याने झाला, तो अशाच नोंदींवर उभा होता. तिसऱ्या दशकात शिकवणे वाढते. शिष्याला छेद घ्यायला शिकवणे सोपे असते. कातडीवर सुरकुत्या येईपर्यंत थांबायला, रुग्णाची चप्पल हातात घेऊन पाहायला आणि “तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही” हे विश्वासाने सांगायला शिकवणे अवघड असते. या सवयी पुढच्या पिढीत रुजल्या, की शाखा एका व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून राहत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या प्लास्टर रूमपर्यंत आणि अंगणवाडीतल्या तपासणीपर्यंत चांगले काम पोहोचते, आणि पाय गमावण्याआधी उपचार मिळणाऱ्यांची संख्या वाढते.